देवडीवर बोललेला शब्द

एका राज्यात गेलेलं परत येत नसे.

थंडीच्या अखेरीला उडून गेलेले चक्रवाक पुन्हा तळ्यावर उतरले नाहीत. रानात सोडलेली गुरं सांजवेळी आपणहून गोठ्याकडे वळत नसत, एकेकीला कासऱ्याने ओढून आणावं लागे. सासरी गेलेल्या लेकी सणासाठी माहेरी यायला निघत आणि वाट त्यांना भलत्याच गावी नेऊन सोडी. डोंगरासमोर उभं राहून हाक मारली तर हाक जाई ती जाईच, प्रतिध्वनी म्हणून काही येत नसे. शेजारणीने नेलेली परातही परत येत नसे. पण खरं सांगायचं तर ती शापाच्या आधीही येत नव्हती, तेव्हा तो दोष शापाच्या माथी मारू नये.

आणि त्या राज्याचा राजा गेला होता. राजा रत्नकेतू. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

तो मेला असता तर राणीने रडून घेतलं असतं. पण रोज तिन्हीसांजेला पश्चिमेच्या डोंगरधारेवर एक घोडेस्वार दिसे. डावा खांदा किंचित खाली, मान ताठ, पाठ राज्याकडे. धार संपेपर्यंत तो जाई आणि दिसेनासा होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, तसाच, पाठमोरा. त्याला थांबता येत नसे, वळता येत नसे. त्याच्यामागे स्वार धाडले गेले. ते दिवसचे दिवस दौडले, पण मधलं अंतर बोटभरही कमी झालं नाही. त्यांतले निम्मेच घरी पोचले, तेही एकमेकांना दोराने बांधून घेतलं म्हणून.

राणी चारुलेखा रोज त्या वेळेला गच्चीवर उभी राही. हातात दिवा घेई. वारा असला तर पदराआड धरी. स्वार दिसला की तिचा श्वास अडके आणि दिसेनासा झाला की सुटे, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेला ती आपलं आयुष्य म्हणे. बाकीचा दिवस तिला कोणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटे.

आता शाप कसा लागला ते ऐका. घरातून निघणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. घरी राहणाऱ्याने 'जा' म्हणू नये, 'या' म्हणावं, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, तिच्या कानावर वाईट घालू नये. त्या राज्यात तर ही रीत इतकी कडक, की राजवाड्याच्या देवडीवर त्यासाठी एक माणूसच नेमलेला होता. त्याचं नाव सुभानजी. वाड्यातून राजा निघो नाहीतर केरवाली निघो, जो 'येतो' म्हणेल त्याला 'या' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. चाळीस वर्षं त्याने ते केलं. म्हातारपणी दात पडले आणि तोंडाचं बोळकं झालं, तरी तो उन्हापावसात देवडीच्या पायरीवर बसून 'या, या' म्हणतच होता.

त्या दिवशी राजाने राणीला वचन दिलं होतं, की संध्याकाळी सोंगट्यांचा डाव मांडू. तीन दिवस तो तेच वचन देत होता. तिसऱ्या दिवशी पागेत नवा अबलख घोडा आला, आणि राजाचा जीव घोड्यात गेला. देवडीवर येऊन तो हसत म्हणाला, "एक फेरी मारून येतो." राणी दारात उभी होती. राग नाकावर होता. 'या' म्हणायचं ते राहिलं, आणि सुभानजीने तोंड उघडायच्या आत तिच्या तोंडून गेलं, "जा!"

बस्स, इतकंच. एका अक्षराचा शब्द. राजाने एकदा मागे पाहिलं, घोड्याला टाच मारली आणि गेला, तो जातच राहिला. आणि राजवाड्याची देवडी म्हणजे साऱ्या राज्याचा उंबरा, तेव्हा तो शब्द साऱ्या राज्याला लागला.

सात दिवसांनी राजजोशांनी कवड्या टाकून सांगितलं, की देवडीवर कोणीतरी 'जा' म्हटलं आहे. दरबार भरला. कोणी म्हटलं, कोणी म्हटलं, म्हणून चौकशी सुरू झाली. तेवढ्यात एक सरदार म्हणाला, "म्हाताऱ्याच्या तोंडात दात नाहीत. त्याच्या 'या'चं 'जा' झालं असेल." सगळ्यांच्या माना हलल्या. कारण सापडलं की लोकांना बरं वाटतं. सुभानजीने चिकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे राणी बसली होती. ती काही बोलली नाही. खोटं बोलली नाही, हे खरं. पण गप्प बसणं हेही कधीकधी बोलणंच असतं, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं होतं.

सुभानजीला वेशीबाहेर काढलं. वर हुकूम झाला, की पुन्हा कोणालाही निरोपाचा शब्द बोलशील तर जीभ कापू. तेव्हापासून तो वेशीबाहेरच्या झोपडीत काथ्याच्या बाजा विणून पोट भरू लागला. लोकही धसकले. 'येतो' नाही, 'या' नाही. माणसं एकमेकांकडून मुकाट्याने उठून निघून जाऊ लागली.

सातव्या वर्षी एके सकाळी राणीच्या गच्चीवर भारद्वाज पक्षी येऊन बसला. तांबूस पंख, लाल डोळे. राणीने हात जोडले.

"झालं," भारद्वाज म्हणाला. "मला पाहिलं, हात जोडले, आता दिवस चांगला जाईल म्हणून खाली जा. सगळे असंच करतात. मला काही बोलायचं असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही."

"बोला, पक्षीराज," राणी म्हणाली.

"तीन डोंगरांपलीकडे एक कोरडी बारव आहे. तिच्या तळाशी धूम्रकेश मांत्रिक राहतो. लोकांच्या उंबऱ्यांवर रागाने पडलेले शब्द तो केरसुणीने गोळा करतो आणि गाडग्यांत भरून तोंड बांधून ठेवतो. तुमच्या देवडीवरचा शब्दही तिथेच आहे. गाडगं उघडलं तर राजा परतेल."

राणीने दुसरं काही विचारलं नाही. नेसत्या वस्त्रानिशी ती निघाली. वेशीबाहेर आली तेव्हा सुभानजी बाज विणत बसला होता. तिने पदर पुढे ओढून तोंड झाकलं आणि भराभरा पुढे गेली. भारद्वाजाने ते पाहिलं.

तीन डोंगर चढून उतरल्यावर बारव आली. पायऱ्या खोल खोल गेलेल्या, आणि पायरीपायरीवर गाडगी मांडलेली, फडक्याने तोंडं बांधलेली. काही गाडगी आतून धडका देत होती, काही हुंदके देत होती. सगळ्यांत खाली धूम्रकेश बसला होता. त्याच्या जटांतून धूर निघत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"ये, राणी," तो म्हणाला. "तुझं गाडगं हे. तीन कामं कर, मग ते तुझ्यासमोर ठेवतो."

"सांगा."

त्याने कोपऱ्यातलं जातं दाखवलं. शेजारी वाळूचं पोतं होतं. "ही वाळू दळ. पीठ झालं पाहिजे. पाहिलंस, हेही जातंच. नुसतं फिरतं, पोचत कुठेच नाही." आणि आपल्याच विनोदावर तो बराच वेळ हसला.

राणीने जन्मात जात्याचा खुंटा धरला नव्हता. एका प्रहरात तिच्या हातांना फोड आले, दुसऱ्या प्रहरात ते फुटले. वाळू वरून घालावी तशीच खालून बाहेर पडे. दळताना बायका ओव्या गातात हे तिने दासींकडून ऐकलं होतं, पण तिला एकही येत नव्हती. मग तिने आपलीच जुळवली.

*दळिते मी वाळू, वाळूचं पीठ होईना,*
*गेला माझा राजा, त्याची पाठ गं वळेना.*

वाळू वाळूच राहिली. राणीचे डोळे भरून आले. जात्याच्या घरघरीत आपल्याला कोण ऐकतंय असं वाटून तिच्या तोंडून पुढची ओवी गेली.

*डोंगराच्या धारेवर घोडा चालतो एकला,*
*माझ्याच गं शब्दाने माझा सूर्य मावळला.*

'माझ्याच शब्दाने' हे तिने सात वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. त्या फेऱ्यापासून जात्याखालून पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं. बारवेच्या काठावर बसलेला भारद्वाज उगाचच पंख साफ करत राहिला.

धूम्रकेशाने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. त्याचं तोंड जरा उतरलं. "दुसरं काम. या बारवेच्या मागे गुहा आहे. तिथे शापित धनाचा ढीग आहे आणि त्यावर नागीण बसली आहे. ढिगात माझी तांब्याची पळी राहिली आहे. तेवढी आण."

गुहेत सोन्याचा ढीग छतापर्यंत होता. नागिणीने फणा काढला नाही, ती नुसती दमलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, ज्यासाठी आलीस ते ने. एक वस्तू. दुसरी उचललीस तर माझ्यासारखी इथेच बसशील. मीही एका गावची पाटलीण होते, आणि मीही दोन वस्तू उचलल्या होत्या."

राणीला सोन्याचा मोह नव्हता, ती ढीग उपसत गेली. पळी सापडली. पण पळीशेजारी एक लहानसा शंख होता, आणि त्यातून कोणीतरी हलकेच म्हणालं, "चारू."

तिला चारू म्हणणारं माणूस जगात एकच होतं. तिने शंख न उचलता वाकून कान लावला. रत्नकेतू हसत होता. 'चारू, तुझा डाव,' असं म्हणत होता, सोंगटी पटावर आपटत होता, 'चारू, रुसलीस?' म्हणत होता. सात वर्षांत ती त्याचा आवाज विसरत चालली होती, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. चेहरा आठवे, खांदा आठवे, आवाज मात्र रोज थोडा थोडा पुसट होई. आता तो इथे होता, हाताच्या अंतरावर. उचलून छातीशी धरायचा आणि इथेच बसायचं, एवढंच. कोणाचं काय वाईट होणार होतं?

तिचा हात पुढे गेला. "देवा," ती म्हणाली, "हा हात माझं ऐकत नाही. तू आवर." मग तिने दुसऱ्या हाताने तो हात मनगटाशी धरला, पळी दातांत घेतली आणि पाठमोरी चालत गुहेबाहेर आली. बाहेर येईपर्यंत शंख तिला हाका मारत होता. उन्हात आल्यावर ती जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. पक्षी तिच्याजवळ येऊन बसला आणि ती उठेपर्यंत हलला नाही.

पळी हाती पडली, तसा धूम्रकेश उठला. त्याने गाडगं आणलं आणि एका काळ्या शिळेवर ठेवलं. राणीच्या हातात बेलाचं पान आणि भंडारा दिला.

"तिसरं काम सोपं आहे," तो म्हणाला. "दळण नाही, चढण नाही. बेलभंडार उचलून शपथ घ्यायची आणि गाडग्याला सांगायचं, की आतला शब्द कोणाचा. ज्याचं नाव घेशील त्याला तो चिकटेल. उद्या तिन्हीसांजेला, त्याच देवडीवरून, तो माणूस चालू लागेल, आणि राजा घरी येईल. जाणारा एक, येणारा एक. हिशोब चुकता."

राणीने विचारलं, "मी माझं नाव घेतलं तर?"

"तर राजा दारातून आत येईल आणि तू दारातून बाहेर पडशील. तो गच्चीवर दिवा घेऊन उभा राहील, तू धारेवरून चालशील. पण असं कोणी करतं का? सारं राज्य म्हणतंय शब्द सुभानजीचा. दरबाराने ठरवलं, लोकांनी मानलं. तू फक्त री ओढायची. तो ऐंशीचा आहे, आज आहे उद्या नाही. तसाही बदनाम झालाय. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

"यांना म्हणीसाठी दरवेळी कोंबडंच कसं सापडतं," भारद्वाज वरून पुटपुटला.

राणी हातात बेल धरून उभी राहिली. तिच्या मनात जे आलं ते सगळं सांगितलं तर तुम्ही तिला नावं ठेवाल, पण तिच्या जागी उभं राहून मग ठेवा. राजा उद्या येणार होता. उद्या! त्याच्या घोड्याच्या टापा, त्याच्या अंगरख्याचा वास, त्याचं ते 'चारू'. आणि म्हाताऱ्याला चालावं लागलं तर लागलं. त्याच्यामागे धान्य पाठवू, त्याच्या नावाने धर्मशाळा बांधू. तिने ओठ उघडले. "शब्द सु–" इतकं तिच्या तोंडून बाहेरही पडलं.

गाडग्यातला शब्द आतल्या आत उसळला, धन्याची हाक येईल म्हणून वाट पाहणाऱ्या कुत्र्यासारखा. तो तिचा होता आणि तिला ओळखत होता.

राणी थांबली. तिने हातातल्या भंडाऱ्याकडे पाहिलं.

"मांत्रिका," ती म्हणाली, "हा भंडारा हातात घेऊन मी खोटं बोलले, तर परत आलेल्या राजाला कोणत्या हाताने ओवाळू?"

"डाव्या," धूम्रकेश म्हणाला.

"सात वर्षं मी देवाकडे एक गोष्ट मागितली आणि देवापासून एक गोष्ट लपवली. मागणाऱ्या तोंडानेच लपवली. आता लपवायचं संपलं. पुढचं तो बघेल. त्याला जमेल तसं बघेल, मला हवं तसं नसलं तरी." आणि तिने बेल शिळेवर ठेवून स्पष्ट आवाजात सांगितलं, "शब्द माझा. चारुलेखेचा. मी म्हटलं, 'जा'."

गाडगं तडकलं. आतून काहीतरी निघून तिच्या पायांत शिरलं, थंडगार. धूम्रकेशाच्या जटांमधला धूर एकदम विझला. खोट्या शपथेवर त्याची एका गाडग्याची दोन गाडगी होत. खऱ्या शपथेने होतं तेही फुटलं होतं. तो रागाने ओरडला, "चाल मग! जन्मभर चाल!"

शब्दाला तिला त्याच देवडीवर न्यायचं होतं, म्हणून तिची वाट चुकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राणी नगरात पोचली. तिने देवडीवर लोक जमवले, सरदार बोलावले, राजजोशी बोलावले. चिकाचा पडदा लावू दिला नाही. पायरीवर उभी राहून तिने सांगितलं, की त्या दिवशी 'जा' म्हणाले ती मी, आणि चौकशीत गप्प बसले तीही मी. सुभानजीचा काही दोष नव्हता. कोणी हाय हाय केलं, कोणी थुंकलं. एक बाई म्हणाली, "माझी लेक सात वर्षं माहेरी आली नाही ती तुमच्यापायी!" राणीने तिच्यासमोर मान खाली घातली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण इथे झाकणारीने आपल्याच हाताने टोपली उचलली होती, आणि ते पाहायची लोकांना सवय नव्हती.

तिन्हीसांज झाली. राणीचे पाय आपोआप उचलले.

आणि त्याच वेळी नगराच्या रस्त्यावर टापा वाजल्या. अबलख घोडा, डावा खांदा झुकलेला स्वार. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड घराकडे होतं. केस पिकलेले, ओठ फुटलेले, डोळे तेच. देवडीच्या दारात दोघं समोरासमोर आली. तो आत येत होता, ती बाहेर पडत होती. हात लांब केला असता तर लागला असता, म्हणून तिने केला. पण पाय तोवर पुढे गेले होते.

"चारू!" राजा म्हणाला.

शंखातल्यापेक्षा आवाज जाड झाला होता. तिने तो कानांत भरून घेतला. आता जन्मभर पुरवायचा होता.

राजाने घोडा वळवला आणि तिच्यामागे निघाला. तिच्यात आणि त्याच्यात दहा पावलांचं अंतर होतं, आणि ते दहाच राहिलं. मागून सारं नगर निघालं. रडत, हाका मारत सगळे वेशीपर्यंत आले. वेशीबाहेर सुभानजी बाज विणत बसला होता.

राणीने या खेपेला तोंड झाकलं नाही. पाय थांबत नव्हते, म्हणून चालता चालताच ती बोलली. "सुभानजीबाबा, शब्द माझा होता. मी लोकांना सांगून आले."

म्हातारा काठी टेकून उठला आणि लंगडत तिच्याशेजारी चालू लागला. "सात वर्सं लागली, राणीसाहेब?"

"सात वर्षं लागली."

"मी ऐकलं हुतं त्या दिशी. माझे दात गेले, कान न्हाई गेले." तो धापा टाकत होता. "रोज तुमाला शिव्या घातल्या म्या. सकाळी बाज इणाय बसलो की पयली गाठ मारताना एक, आन् शेवटची मारताना एक. खोटं कशाला बोलू?"

"माझ्या हक्काच्याच आहेत त्या," राणी म्हणाली. क्षमा माग, असं तिच्या मनात आलं होतं; पण सात वर्षं घेतलेल्या माणसाकडे आणखी काही मागायला तिची जीभ धजेना. पाय आता वाट सोडून डोंगराकडे वळत होते. म्हाताऱ्याला पुढे चालणं होणार नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाचा निरोप घ्यावा तसा तिने वाकून नमस्कार केला, चालता चालता जेवढा जमला तेवढा, आणि राज्यात सात वर्षं कोणी न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"बाबा, येते मी."

मागे लोक चिडीचूप झाले. सुभानजी थांबला होता. त्याची हनुवटी थरथरत होती. रागाने की कशाने, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या शब्दाला उत्तर दिलं तर त्याची जीभ कापायचा हुकूम होता, आणि तो हुकूम अजून कोणी मागे घेतला नव्हता.

"येते म्हणंल त्याला या म्हनायचं, ह्ये माजं काम," तो स्वतःशीच म्हणाला. "चाळीस वर्सं केलं. राग आला म्हनून मानसानं काम सोडावं व्हय?" मग त्याने मान वर केली आणि देवडीवर देत असे तशी खणखणीत हाळी दिली.

"या, राणीसाहेब! लवकर या!"

राणीचा उजवा पाय उचललेला होता. तो खाली टेकला आणि पुढे गेला नाही. डावा त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला.

तीन डोंगरांपलीकडे बारवेतली सगळी गाडगी एकाच वेळी फुटली. धूम्रकेश त्या खापऱ्यांखाली गाडला गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. शब्द मात्र उडाले ते थेट आपापल्या धन्याकडे. त्या संध्याकाळी राज्यात घरोघर माणसांना आपणच कधीतरी बोललेलं ऐकू आलं, आणि सासवा सुनांच्या, भाऊ भावांच्या, नवरे बायकांच्या दारात जाऊन खाली मान घालून उभे राहिले. बऱ्याच चुली उशिरा पेटल्या. डोंगरातून सात वर्षांच्या अडकलेल्या हाका एकदम परत आल्या, आणि दोन दिवस कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येईना. आठवड्याभरात गाड्यांची रांग लागली. लेकी आल्या, कडेवर राज्याने न पाहिलेली नातवंडं घेऊन.

सुभानजी मानाने देवडीवर परतला. राजाने त्याला पालखी पाठवली होती. तो म्हणाला, "पालखीत बसून दारवान येतो व्हय कुठं?" आणि चालतच आला. राणीला तो पूर्वीसारखं हसून बोलायला लागला का? लागला, पण वेळ लागला. राणीनेही घाई केली नाही.

राजा मात्र काही दिवस स्वस्थ बसूच शकत नव्हता. बसला तरी त्याचे पाय घोड्याला टाच मारत असल्यासारखे हलत राहत. दुपारी तो जरा आडवा झाला की राणी त्याच्या पायथ्याशी बसे आणि दोन्ही पावलं मांडीवर घेऊन धरून ठेवी, ती निवांत होईपर्यंत. अशाच एका दुपारी त्याने डोळे मिटूनच सांगितलं, "धूम्रकेश दरवर्षी वाटेच्या कडेला उभा असे. म्हणे, राजा, तुला ठाऊक आहे हा शब्द कोणाचा. नाव घे, तुला घोड्यावरून उतरवतो. तिला तुझ्या जागी चढवतो."

राणीचे हात थांबले. "मग आपण काय म्हणालात?"

"काय म्हणणार? एका क्षणी वाटे, घ्यावं. फार थकलो होतो, चारू. मग तिन्हीसांजेला गच्चीवर तुझा दिवा लागे. मान वळत नसली तरी धार संपेपर्यंत मला कळे, मागे उजेड आहे. मी म्हणे, देवा, आजच्या दिवस तोंड बंद ठेव माझं. आणि पुढे जात राही."

राणीने त्याच्या पावलांवर कपाळ टेकलं. तिच्या हातांखाली राजाचे पाय हळूहळू स्वस्थ झाले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तो गाढ झोपी गेला.

राजाराणीची वाट जशी घराकडे वळली, तशी ऐकणाऱ्याची वळो, सांगणाऱ्याची वळो, आणि ज्याचं कोणी दूर गेलं असेल त्याच्या दारात टापा वाजोत.